पाच पॅचची सक्ती मागे घ्या : खानदेशातल्या संगणक विभागप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या अभियांत्रिकी व संगणकशास्त्र महाविद्यालयांचे विभागप्रमुख आणि प्राचार्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी एका महाविद्यालयाने अंतिम वर्षासाठी काढलेलं परिपत्रक माझ्या हाती आलं. महाविद्यालयाचं नाव घेत नाही, कारण तोच मजकूर शब्द इकडेतिकडे करून आणखीही काही ठिकाणी फिरतो आहे, असं विद्यार्थीच सांगतात. परिपत्रकात म्हटलंय की सत्र संपायच्या आत प्रत्येकाने ओपन सोर्स (म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पात पाच पॅच, म्हणजे कोडमधले बदल, मर्ज करून, म्हणजे प्रकल्पाने स्वीकारलेले असे, आणावेत, नाहीतर प्रोजेक्टचे अंतर्गत गुण मिळणार नाहीत. प्रत्येक पॅचवर मार्गदर्शक आणि विभागप्रमुख यांची नावं हवीत. आणि 'क्लाउड व व्हर्च्युअलायझेशन' क्षेत्रातल्या प्रकल्पांना प्राधान्य.

मी अमळनेरचा. शिकलो इथेच, आपल्यासारख्याच एका महाविद्यालयात. पोटासाठी सर्व्हर सांभाळतो आणि उरलेल्या वेळात व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे पॅच लिहितो. लिहितो त्यापेक्षा दुसऱ्यांचे तपासतो जास्त. म्हणजे आपल्या परिपत्रकातले ते पाच पॅच ज्यांच्या पुढ्यात येऊन पडतात, त्यांच्यातला मी एक. म्हणून हे पत्र. आणि ते जाहीर अशासाठी की आपण सरकारी योजनेसारखे आकडे गोळा करताय, आणि त्याची किंमत जे मोजतात त्यांना आपल्या बैठकीत खुर्ची नाही.

मागच्या सत्राच्या शेवटी आपल्या पट्ट्यातून काय काय आलं ते ऐका. एकाने कॉमेंटमधला स्वल्पविराम हलवला. एकाने व्हेरिएबलचं नाव बदललं, तेही चारपैकी तीनच जागी, त्यामुळे बिल्डच, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार होणंच, तुटलं. एकाने पॉइंटर रिकामा आहे का ही तपासणी 'अनावश्यक' म्हणून काढून टाकली. दोघांकडून अक्षरशः एकच पॅच आला, चुकीसकट. कमिट मेसेजात, म्हणजे बदलासोबतच्या टिपेत काय, तर 'अपडेट फाइल'. का बदललं, कशावर करून पाहिलं, याबद्दल चकार शब्द नाही. मग रात्री एकाचा निरोप : 'दादा, येवढं मर्ज करी द्या ना, उद्या सबमिशन शे.' आपल्या बोलीत कोणी काही मागितलं की नाही म्हणणं जड जातं. तरी नाही म्हटलं. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला या दारात कोणी उभं केलं, हे विचारायला हे पत्र लिहितो आहे.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही अशा वाचकांसाठी थोडं सांगतो. एका खऱ्या सर्व्हरवर अनेक खोटे सर्व्हर (व्हर्च्युअल मशीन, थोडक्यात व्हीएम) चालवायचे, म्हणजे व्हर्च्युअलायझेशन. लिनक्समध्ये हे काम केव्हीएम करतो. २००७ साली २.६.२० या आवृत्तीपासून तो कर्नलचाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच, भाग आहे. खोट्या सर्व्हरला डिस्क, नेटवर्क कार्ड वगैरे साहित्य क्यूईएमयू पुरवतो. या दोघांशी शिस्तीत बोलणारी लायब्ररी (इतर सॉफ्टवेअरना वापरता येणारा तयार कोड) म्हणजे २००५ पासूनची लिबव्हर्ट. आणि पन्नास होस्ट (व्हीएम चालवणारे खरे सर्व्हर), त्यांवरच्या शेकडो व्हीएम एका पडद्यावरून हाकायच्या असतील तर ओव्हर्ट किंवा प्रॉक्समॉक्ससारखी व्यवस्थापनाची सॉफ्टवेअर. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने याच कामाची सशुल्क सॉफ्टवेअर विकणारी व्हीएमवेअर कंपनी विकत घेतली, महिन्याभरात कायमचे परवाने विकणं बंद केलं, आणि वर्गणीचे आकडे पाहून अनेक लहान संस्थांनी या मोफत पर्यायांकडे मोर्चा वळवला. त्यात दवाखाने आहेत, पतसंस्था आहेत. आपल्या विद्यार्थ्याच्या 'पॅच क्रमांक तीन'वर उद्या कुठल्यातरी पतसंस्थेचं खातेपुस्तक चालणार असतं. एवढं लक्षात ठेवलं तर पुढची तक्रार समजेल.

पहिली तक्रार मोजणीबद्दल आहे, आणि तीच सर्वांत मोठी आहे.

पॅच तपासणं म्हणजे काय, हे परिपत्रक लिहिणाऱ्याने पाहिलेलं दिसत नाही. समजा व्हीएमच्या डिस्कसाठी एक नवं सेटिंग आणायचं आहे. लिबव्हर्टमध्ये प्रत्येक व्हीएमचं वर्णन एक्सएमएलमध्ये असतं. म्हणजे त्या एका सेटिंगसाठी स्कीमा (वर्णनाच्या रचनेचे नियम) बदला, ते वाचणारा पार्सर बदला, परत लिहून काढणारा फॉर्मॅटर बदला, दस्तऐवजात नोंद करा, क्यूईएमयूला जाणारी कमांड लाइन बदला, होस्टवरच्या क्यूईएमयूला ते जमतं का याची विचारणा घाला, आणि या सगळ्याला चाचण्या लिहा. हे एका गाठोड्यात बांधून पाठवायचं नसतं, सुटे पॅच करून मालिका लावायची असते. मालिकेतला प्रत्येक पॅच लावल्यावर बिल्ड झाला पाहिजे आणि चाचण्या पास झाल्या पाहिजेत. नाहीतर दोन वर्षांनी बिसेक्ट करून, म्हणजे जुन्या बदलांची यादी अर्धी-अर्धी करत, दोष शोधणारा कोणी मधल्याच तुटक्या पायरीवर अडकतो.

आता यातला एक बारकावा. नवा माणूस चुकीचं मूल्य दिसलं की पार्सरमध्येच एरर देतो. वाचताना अगदी योग्य वाटतं, चाचणीही पास होते. पण व्हीएम सांभाळणारा डिमन (पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम) रीस्टार्ट होतो तेव्हा तो आधी जपून ठेवलेली सगळी वर्णनं त्याच पार्सरमधून पुन्हा वाचतो. काल चालणारं मूल्य आज नामंजूर झालं, तर ती व्हीएम यादीतून गायब. आतला डेटाबेस धडधडत चालू असतो, फक्त सांभाळणाऱ्याच्या पडद्यावर ती मशीन नसते. म्हणून अशी तपासणी पार्सरमध्ये नको, वेगळ्या व्हॅलिडेशनच्या टप्प्यात घाल, असं रिव्ह्यूमध्ये पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. याच जातीचे प्रश्न लाइव्ह मायग्रेशनचे : जुन्या आवृत्तीच्या होस्टवरून चालती व्हीएम नव्या होस्टवर गेली तर टिकेल का? परत येईल का? हे पॅचच्या ओळींमध्ये दिसत नाही. कापूस खरेदी केंद्रावरचा ग्रेडर गाडीतला वरचा पांढरा थर पाहून भाव ठरवत नाही, कोपरापर्यंत हात घालून खालचा ओलावा बघतो; आमचं काम त्याच्यासारखं आहे. त्याला वेळ लागतो, आणि शेवटी उत्तर बहुधा 'अजून नाही' असंच असतं. दुसरी आवृत्ती, तिसरी आवृत्ती, कधी सातवी. त्यात कमीपणा नाही. जुन्याजाणत्या मेंटेनरचेही, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांचेही, पॅच परत येतात.

आणि आपण गुण कशाला देताय? मर्जला. म्हणजे चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोत किंवा पुण्यात बसलेल्या एका अनोळखी माणसाच्या होकाराला, तोही आपल्या सत्राच्या वेळापत्रकात. लिबव्हर्टची नवी आवृत्ती साधारण दर महिन्याला निघते आणि तिच्या आधी काही दिवस फ्रीझ असतो. त्या काळात नवं काही आत घेत नाहीत, मग आपलं सबमिशन असो की आणखी काही.

याचा सर्वांत वाईट अनुभव एका चांगल्या विद्यार्थिनीचा. ती कुठली, कोणाची, ते सांगत नाही. स्नॅपशॉटचं (व्हीएमच्या एका क्षणाच्या जपून ठेवलेल्या प्रतीचं) नाव बदललं की जुन्या नावाची फाइल मागे उरते, असा दोष तिला सापडला. तिने तो घरच्या लॅपटॉपवर पुन्हा घडवून दाखवला. आधी नापास होणारी चाचणी लिहिली, मग दुरुस्ती. रिव्ह्यूमध्ये तिला विचारलं की नाव बदलताना मध्येच वीज गेली तर काय? आपल्याकडच्या पोरीला हा प्रश्न समजावून सांगावा लागला नाही. तिने क्रम उलटा केला आणि तिसऱ्या आवृत्तीत काम पक्कं झालं. बदल अकरा ओळींचा. मी पाहिलेल्या नवशिक्यांच्या पॅचमध्ये तो सर्वांत नेटका. महाविद्यालयाने तिला गुण दिले नाहीत, कारण एक म्हणजे पाच नव्हे. तिच्या वर्गातल्या एकाने निरनिराळ्या प्रकल्पांच्या रीडमी (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या) फाइलींत पाच ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, त्याला पैकीच्या पैकी.

हे कुठे जातं ते जगाने एकदा पाहिलं आहे. २०२० च्या ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट नावाच्या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टला, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशा विनंत्यांना, एक टी-शर्ट मिळायचा. प्रकल्पांवर इतका कचरा आला की आयोजकांना सुरुवातीच्या काही दिवसांतच नियम बदलावा लागला आणि ज्या प्रकल्पांची संमती असेल तेवढेच धरले गेले. तिथे निदान टी-शर्ट होता. आपण पदवी टांगली आहे.

दुसरी तक्रार सहीबद्दल.

पॅचच्या खाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ असते. आपल्या परिपत्रकाला ती मानपानाची जागा वाटली, म्हणून मार्गदर्शक आणि विभागप्रमुखांची नावंही तिथे घाला असा आदेश. सर, ती ओळ म्हणजे निवेदन आहे. २००४ साली लिनक्स कर्नलमध्ये कोडच्या मालकीवरून कोर्टबाजीची हवा असताना ही पद्धत आली आणि पुढे अनेक प्रकल्पांनी उचलली. तिचा अर्थ असा : हा कोड मी लिहिला आहे किंवा तो देण्याचा हक्क माझ्याकडे आहे, आणि या परवान्याखाली मी तो देतो आहे. जो पॅच आपण उघडूनही पाहिला नाही त्याखाली आपलं नाव जाणं म्हणजे न वाचलेल्या खरेदीखतावर साक्षीदार होणं. शोधनिबंधावर मार्गदर्शकाचं नाव घालायची आपल्याकडे रीत आहे, ठीक. इथे ती चालत नाही.

त्यातच आता एआयने लिहिलेले पॅच. क्यूईएमयूने जून २०२५ मध्ये स्पष्ट धोरण केलं की एआय कोड जनरेटरने लिहिलेला किंवा त्यावरून बेतलेला कोड घेतला जाणार नाही. कारण वरच्या सहीतच आहे : तो कोड नेमका कुठून आला आणि त्यावर कोणाचा हक्क, हे सही करणारा छातीठोक सांगू शकत नाही. प्रत्येक प्रकल्पाचं धोरण हेच असेल असं नाही. पण विद्यार्थ्याने पॅच पाठवण्याआधी त्या प्रकल्पाचं धोरण वाचावं, हे सांगायचं काम मार्गदर्शकाचं होतं. एका मुलाला मी विचारलं, या फंक्शनमध्ये लॉक आधी का सोडला? उत्तर आलं ते चार परिच्छेदांचं, निर्दोष इंग्रजीत, आणि त्यात लॉकचा उल्लेखच नव्हता.

तिसरी, लॅब. इथे आवाज थोडा चढला तर माफ करा.

व्हर्च्युअलायझेशनचे पॅच आणा म्हणता, आणि लॅबमधल्या मशीनच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद! बायोसचा पासवर्ड पुरवठादाराकडे, पुरवठादार नाशकात. विद्यार्थ्याला रूट अधिकार (मशीनवर सगळं बदलायची मुभा) नाही, लिनक्स टाकायची मुभा नाही. पॅच ईमेलने पाठवणारे प्रकल्प अजून पुष्कळ आहेत, आणि 'गिट सेंड-ईमेल'ला लागणारं पोर्ट कॅम्पसच्या फायरवॉलवर अडवलेलं. मग मुलं फोनच्या हॉटस्पॉटवर बसतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो तेव्हा बंद पंख्याखाली तीन तास बिल्ड चालवून बघा, म्हणजे पोरं पॅच न चालवताच का पाठवतात ते कळेल. यावर पैसाही फारसा लागत नाही. बायोसमधला तो एक पर्याय सुरू करायला पाच मिनिटं. तेही नको असेल तर लिबव्हर्टमध्ये 'टेस्ट' नावाचा ड्रायव्हर आहे, तो खरी व्हीएम न चालवता नुसती मेमरीत बाहुली व्हीएम उभी करतो. तिला सुरू करा, थांबवा, एक्सएमएल बदला, यादी पाहा. जुन्यातल्या जुन्या मशीनवर चालतं. पहिलं सत्र त्यावर सहज निघेल. आपल्यापैकी किती मार्गदर्शकांनी तो कधी चालवून पाहिला आहे?

चौथी तक्रार तपासणाऱ्यांच्या वतीने. ओव्हर्टचं उदाहरण घ्या. रेड हॅटने २०११ मध्ये ते खुलं केलं, तेव्हा पगारी माणसांची फौज होती. पुढे कंपनीने त्यावर आधारलेलं आपलं उत्पादन गुंडाळायचं ठरवलं आणि प्रकल्पाचा भार मोजक्या लोकांवर आला. इंजिन जावात, होस्टवरचा एजंट पायथनमध्ये, दोन्ही वाचता येणारे तपासनीस मुळातच थोडे. अशा ठिकाणी पाच-पाच पॅचचे गठ्ठे येऊन पडले की खरा पॅच त्याखाली गाडला जातो. आणि थकलेल्या मेंटेनरवर घाईचा दबाव आणला की काय होतं, ते मार्च २०२४ मध्ये एक्सझेड प्रकरणात दिसलं. एकट्या माणसाने सांभाळलेली छोटी लायब्ररी. 'पॅच का घेत नाहीस, दुसरा मेंटेनर नेम' अशी पत्रं त्याच्यावर आली. मग अत्यंत गोड बोलणारा, नियमित पॅच देणारा एकजण सहमेंटेनर झाला आणि त्याने चोरदार घातलं. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित प्रवेशाला) अर्धा सेकंद जास्त का लागतो हा प्रश्न पडला म्हणून ते सापडलं. आपले विद्यार्थी तसले नाहीत, हे मला सांगायला नको. पण 'लवकर मर्ज करा' हा धोशा कानावर पडला की आता तपासणाऱ्याचे कान उभे राहतात.

पाचवी, थोडक्यात. 'पाच पॅच गॅरंटीने मर्ज, प्रमाणपत्रासह' असं पैसे घेऊन करून देणारे दलाल आपल्या महाविद्यालयांच्या फाटकाशी जाहिराती लावू लागले आहेत. हे परिपत्रक निघण्याआधी ते नव्हते.

एक भीतीही सांगून ठेवतो. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी मुद्दाम सदोष पॅच पाठवून कर्नलच्या तपासणीची परीक्षा घेतली, तेव्हा एप्रिल २०२१ मध्ये कर्नलच्या मेंटेनरनी त्या अख्ख्या विद्यापीठाचे पॅच घेणं थांबवलं आणि जुनेही पुन्हा तपासायला काढले. ज्यांचा संबंध नव्हता तेही त्यात भरडले. आपलं प्रकरण त्या जातीचं नाही, इथे कोणाची फसवायची इच्छा नाही. पण ईमेल पत्त्याच्या शेपटावरून, म्हणजे त्यातल्या महाविद्यालयाच्या नावावरून, माणूस ओळखायची सवय तपासणाऱ्यांना लागतेच. 'हे तुझ्याच भागातले ना?' असं मला एका सहकाऱ्याने विचारलं आहे. त्या मुलीचा पुढचा पॅचही याच ईमेल पत्त्यावरून येणार आहे.

माझ्या मागण्या अशा.

मर्ज झालेल्या पॅचची संख्या हा गुणांचा निकष येत्या सत्राआधी लेखी मागे घ्यावा. त्याऐवजी विद्यार्थ्याने काय केलं ते मोजा. दोष पुन्हा घडवून दाखवला का, त्यासाठी चाचणी लिहिली का, रिव्ह्यूला काय उत्तर दिलं आणि दुसऱ्या आवृत्तीत काय बदललं. हे सगळं सार्वजनिक असतं, वाचायला फक्त वेळ द्यावा लागतो. नामंजूर पॅचलाही पूर्ण गुण मिळू शकले पाहिजेत. दुसऱ्याचा पॅच स्वतःच्या मशीनवर लावून, चाचण्या चालवून, काय झालं ते प्रामाणिकपणे कळवलं, तर त्यालाही गुण द्या. मी तर म्हणेन जास्त द्या. पॅच पाठवणारे पुष्कळ आहेत, तपासून 'टेस्टेड-बाय' लिहिणारे हवे आहेत.

मार्गदर्शक आणि विभागप्रमुखांची नावं पॅचवर घालण्याचा आदेश रद्द करावा, आणि एआयच्या वापराबद्दल विद्यार्थ्याने त्या-त्या प्रकल्पाचं धोरण पाळावं हे परिपत्रकात स्पष्ट लिहावं.

प्रत्येक विभागात निदान चार मशीन अशा ठेवाव्यात की ज्यांत व्हर्च्युअलायझेशन सुरू आहे, लिनक्स आहे, विद्यार्थ्याला रूट अधिकार आहे, आणि ज्यांवरून गिटने ईमेल जातो. बिघडल्या तर पुन्हा इन्स्टॉल करा, त्यासाठीच त्या आहेत.

जो शिक्षक या विषयाचं मार्गदर्शन करणार त्याने आधी स्वतः एक पॅच पाठवून रिव्ह्यूला सामोरं जावं. मर्ज झालाच पाहिजे असं नाही.

आमच्याकडे लेटरहेडवर स्वीकृती-प्रमाणपत्रं मागणं थांबवावं. गिटचा लॉग जगाला उघडा आहे, त्यावर शिक्का लागत नाही. दलालांच्या जाहिराती फाटकावरून काढाव्यात.

आणि त्या विद्यार्थिनीसारख्या ज्यांचे गुण संख्येच्या नियमामुळे कापले गेले, त्यांचं मूल्यांकन पुन्हा करावं. ही मागणी मी शेवटी लिहिली असली तरी तिला मुदत सर्वांत जवळची आहे. गुणपत्रिका छापून गेल्या की तिच्या नोकरीच्या अर्जावर तेच आकडे जातील.

बोलावलंत तर तिन्ही जिल्ह्यांत कुठेही येईन, मानधन नको. येताना एक खरी पॅच-मालिका आणि तिच्यावरचा सगळा रिव्ह्यू छापून आणीन, आपण सगळे बसून ती ओळीने वाचू. विद्यार्थ्यांना नंतर बोलवा, पहिली बैठक शिक्षकांची असू द्या. या पत्राला उत्तर द्यायचं असेल तर तेही उघडच द्यावं, म्हणजे विद्यार्थ्यांना वाचता येईल.

आपला,
पॅच तपासणारा एक अमळनेरकर